एका तासाचं गाळप, एक किलोमीटर डांबर

नगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यातलं घाटघर-रतनवाडी सोडलं, जिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, तर उरलेल्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात. पाथर्डी, जामखेड, कर्जत ही नावं निघाली की टँकर आणि चारा छावण्याच आठवतात. सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण दुष्काळाच्या यादीतली त्याची जागा काही हलली नाही. आणि अशा या कोरड्या जिल्ह्यात डांबरी रस्ते उखडतात ते मात्र पाण्यानं.

पाणी आलं कुठून, तर कालव्यातून. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या दोन्ही अंगांना कालवे निघाले, आणि संगमनेर, राहुरी, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, अकोलेपर्यंत कारखान्यांची रांगच लागली. ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत नेणारे रस्ते मात्र बैलगाडीच्या हिशेबाचे राहिले, आणि त्यांच्यावर पुढे डांबराचा एकेक हात फिरत गेला.

कालव्याखालच्या एखाद्या गावरस्त्यावरच्या खड्ड्याशेजारी उकिडवं बसून पाहावं. वरचा डांबरी थर बोटभर जाडीचा, उन्हानं करडा पडलेला, आणि काठावर बोट दाबलं तर बिस्किटासारखा तुटणारा. त्याखाली खडी. खडीच्या फटींतून वर आलेला काळा चिखल, म्हणजे सगळ्यांत खालची काळी माती, जी खरं तर तिथे दिसायलाच नको. आता एक खडा उचलून चोळून पाहायचा. त्याच्यावर डांबराचं कवच नसतं. खडा नदीतल्या गोट्यासारखा धुतलेला निघतो. पाणी दगड आणि डांबर यांच्या मध्ये शिरलं आणि दोघांना वेगळं केलं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खरं तर डांबर चांगलं धरून ठेवणारा दगड. तोसुद्धा असा सुटा झाला असेल, तर पाणी एकदा येऊन गेलेलं नाही, मुक्कामाला होतं.

मुक्कामाचं कारण दोन पावलांवरच असतं. शेतात ट्रॅक्टर घालायचा म्हणून साइडच्या गटारात मुरूम टाकून वाट केलेली असते. पाइप घालायचा असतो, तो राहून जातो. पुढच्या शेतकऱ्यानं तेच केलेलं असतं, त्याच्या पुढच्यानंही. उसाला भरणं चालू असतं तेव्हा सरीतून निसटलेलं पाणी या बंद गटारात साठतं, तिथून रस्त्याच्या पोटात मुरतं. खालची काळी माती पाणी पिऊन फुगते, चैत्रात भेगाळते, पुन्हा फुगते. वरचा थर कितीही चांगल्या डांबराचा असला तरी खालून हलणाऱ्या जमिनीवर तो किती दिवस टिकणार?

त्यात दिवाळी सरली की गळीत हंगाम सुरू. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर खुंट्यांच्या वर हात-दोन हात चढवलेल्या मोळ्या, आणि असं हंगामभर. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर लष्करी ट्रक दिवसरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला नियम आजही रस्ता अभियंते वापरतात : आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. म्हणजे शंभर मोटारसायकली नि पन्नास मोटारी गेल्या तरी रस्त्याला ज्याची दखल घ्यावीशी वाटत नाही, ते काम जादा भरलेली एक ट्रॉली करून जाते. नगर–मनमाड रस्त्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्या प्रवाशाला हे पटणार नाही, पण त्या रस्त्यावर शिर्डीला जाणाऱ्या भाविकांइतकाच ऊसही चालतो.

ही सगळी पार्श्वभूमी आधी सांगायचं कारण असं की गेली दोन वर्षं एक बातमी फिरते आहे, आणि ती ऐकून ऊसपट्ट्यातल्या माणसाचे कान टवकारणं साहजिक आहे. बातमी अशी : शेतातल्या टाकाऊ मालापासून डांबर.

२१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर जिल्ह्यात, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या नागपूर–मनसर बायपासवर, एक किलोमीटरच्या पट्ट्याचं उद्घाटन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी केलं. जैविक डांबर वापरलेला देशातल्या राष्ट्रीय महामार्गावरचा पहिला तुकडा अशी त्याची ओळख करून दिली गेली. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांनी मिळून तो केला. त्यात नेहमीच्या डांबराचा १५ टक्के हिस्सा काढून त्या जागी लिग्निनवर आधारलेलं बंधक वापरलं आहे. नेहमीच्या रस्त्यापेक्षा हा ४० टक्के अधिक मजबूत आणि हरितगृह वायूंचं उत्सर्जन किमान ७० टक्के कमी, असे दावे तेव्हा झाले.

लिग्निन म्हणजे काय, तर झाडाला उभं ठेवणारा पदार्थ. काडीत धागे असतात ते सेल्युलोजचे. त्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवून ताठ ठेवतं ते लिग्निन. लाकूड, तूस, पऱ्हाटी, उसाचं चिपाड, सगळ्यांत ते असतं. कागद कारखाने लगदा करताना ते बाहेर काढतात आणि बहुतेक ठिकाणी जाळून टाकतात. अलीकडे त्याचा आणखी एक उगम झाला आहे : काडीकचऱ्यापासून इथेनॉल. या दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल प्रकल्पात काडीतल्या सेल्युलोजची साखर करून ती आंबवतात. लिग्निनची साखर होत नाही, ते मागे उरतं. इंडियन ऑइलचा असा प्रकल्प पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करायचं, अशी त्याची रचना. तंत्रज्ञान पुन्हा प्राजचंच. इथेनॉलच्या धंद्यात मुरलेल्या कंपनीला रस्त्याचं सुचलं ते या उरलेल्या काळपट भुकटीमुळे. भुकटीचं करायचं काय, हा प्रश्न त्यांच्या दारात पडलेलाच होता.

रासायनिकदृष्ट्या डांबर आणि लिग्निन अगदीच परके नाहीत. दोन्हीत वलयाकार कार्बनी रेणूंची मोठी गर्दी असते, म्हणून ते एकमेकांत बऱ्यापैकी मिसळतात. लिग्निन घातलं की डांबर घट्ट होतं. उन्हाळ्यात नगरकडचा रस्ता दुपारी साठ अंशांच्या वर तापतो, तेव्हा चाकोऱ्या पडतात, म्हणजे चाकाखालचा भाग दबून दोन्ही बाजूंना उंचवटे येतात. तिथे या घट्टपणाचा फायदा. दुसरा फायदा म्हातारपणाचा. डांबर हवेतल्या प्राणवायूनं हळूहळू कडक होत जातं. मघाशी पाहिलेला तो करडा, ठिसूळ काठ त्याचाच. लिग्निनमधले फिनॉल गट ही प्रक्रिया रोखायला मदत करतात, असं प्रयोगशाळांतून बऱ्याचदा दिसलं आहे. तोटाही त्याच नाण्याचा : प्रमाण जास्त झालं तर मिश्रण मुळातच कडक होतं आणि थंडीत तडकतं. शिवाय लिग्निन डांबराइतकं पाण्याला परकं नाही. ते नीट वाळवलेलं, नीट घोटलेलं नसेल, तर ज्या रोगावर औषध म्हणून आणलं तोच रोग वाढायचा.

नेदरलँड्सवाले यात आपल्या आधीपासून आहेत. झीलंड प्रांतात २०१५ मध्ये लिग्निनयुक्त डांबराचा छोटा तुकडा टाकला गेला, २०१७ मध्ये वॅगेनिंगेन विद्यापीठाच्या आवारात सायकलींची वाट झाली. त्यांची हवा थंड, आपली भाजणारी. त्यामुळे त्यांची काळजी तडकण्याची आणि आपली दबण्याची. या बाबतीत ऊन आपल्या बाजूनं आहे.

आता नगर जिल्ह्याकडे येऊ, आणि पाटीवर हिशेब मांडू. सात मीटर रुंद रस्ता, वरचा डांबरी थर ४० मिलिमीटरचा, लांबी एक किलोमीटर. माल लागतो सुमारे पावणेसातशे टन. त्यात साडेपाच टक्के डांबर धरलं तर ३७ टन. त्याचे १५ टक्के, म्हणजे साडेपाच टन लिग्निन. दुसऱ्या बाजूनं, एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस, म्हणजे चिपाड, निघतं. त्यात निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात साधारण पाचवा हिस्सा लिग्निन. म्हणजे टनाला २९ किलोच्या आसपास. साडेपाच टनांसाठी १९० टन ऊस. रोजची पाच हजार टन क्षमता असलेला कारखाना एवढा ऊस तासाभरात गाळतो.

एक तास, एक किलोमीटर. जिल्ह्यात कारखाने किती, हंगाम किती दिवसांचा, याचा गुणाकार वाचकानं करावा. मोह होण्यासारखाच आकडा येतो. देशाचंही तसंच. वर्षाला सुमारे ८८ लाख टन डांबर लागतं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास परदेशातून येतं. त्याचे १५ टक्के बदलायला लागणारं लिग्निन देशातल्या साधारण दहाव्या हिश्शाच्या उसात आहे.

हिशेब बरोबर आहे. अडचण अशी की यातलं काहीच टाकाऊ नाही.

ऊस हे असं पीक आहे की त्याच्या प्रत्येक भागावर कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. वाढं ऊसतोड मजुराचं. तो ते गोठेवाल्यांना विकतो आणि फडावरच्या रोजच्या खर्चाची सोय करतो. रस कारखान्याचा. मळी आसवनीची. प्रेसमड खताला जातो, आता गॅस प्रकल्पालाही. चिपाडावर गुऱ्हाळाचं चुलवाण चालतं, आणि कारखान्यात तेच चिपाड बगॅस होऊन बॉयलरमध्ये जातं. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, उरलेल्या वाफेवर वीज तयार होऊन ग्रिडला विकली जाते. आणि बगॅसमध्ये सगळ्यांत चांगलं जळतं ते लिग्निनच. त्याचं उष्णतामान सेल्युलोजच्या जवळपास दीडपट. बॉयलरवरच्या माणसाला सांगून पाहा की तुझ्या सरपणातला सगळ्यांत कसदार भाग आम्ही रस्त्यावर टाकणार आहोत. तो हसेल तरी, नाहीतर बदल्यात काय देणार ते विचारेल. त्याचा प्रश्न रास्त आहे.

उरतं पाचट. ऊस तुटून गेल्यावर फडात पडलेला हा पाल्याचा थर अजूनही अनेक ठिकाणी काडी लावून पेटवतात. हिवाळ्याच्या संध्याकाळी कोपरगाव-श्रीरामपूर रस्त्यावरून जाताना क्षितिजावर दिसणारे केशरी पट्टे त्याचेच. हे टाकाऊ म्हणावं तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि मांजरीची वसंतदादा साखर संस्था वर्षानुवर्षं कंठशोष करून सांगताहेत की पाचट जाळू नका, सरीत कुजवा. कालव्याच्या पाण्यानं आणि पोत्यापोत्यांच्या खतानं या पट्ट्यातल्या कित्येक जमिनी चोपण झाल्या आहेत. त्यांना कर्बाची गरज रस्त्याआधी आहे. माझं मत विचाराल तर पाचट रस्त्यासाठी उचलणं म्हणजे एका खड्ड्यासाठी दुसरा खड्डा खणणं. जे जळतंच आहे ते घ्या, असा युक्तिवाद पंजाबच्या पेंढ्याला लागू पडेल. डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि दिल्लीची रस्ते संस्था यांनी तोच धरला आहे. भाताचा पेंढा हवेशिवाय तापवून त्याचं तेल काढायचं आणि ते डांबरात २० ते ३० टक्के मिसळायचं. मेघालयात जोराबाट–शिलाँग महामार्गावर त्याचा शंभर मीटरचा तुकडा झाला, आणि जानेवारी २०२६ मध्ये ते तंत्र उद्योगांना देण्याचा कार्यक्रम दिल्लीत झाला. पंजाबात पेंढ्याला फारसा दुसरा धनी नाही, शेत पंधरवड्यात गव्हासाठी मोकळं करायचं असतं. आपल्याकडे खोडवा ठेवतात. पाचटाला कुजायला अख्खं वर्ष असतं.

मग नगर जिल्ह्यातून या रस्त्यात जाण्यासारखं नेमकं काय आहे? मला दोन गोष्टी दिसतात, आणि दोन्हींत लिग्निनइतका झगमगाट नाही.

पहिली म्हणजे धागा. स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट नावाचा डांबरी थराचा एक प्रकार आहे, जड वाहतुकीसाठीच काढलेला. त्यात मोठी खडी एकमेकींना टेकून सांगाडा करते आणि मधल्या फटी भरपूर डांबरानं भरतात. डांबर जास्त, त्यामुळे टिपरमधून नेताना ते खाली निथळतं. ते धरून ठेवायला सेल्युलोजचा धागा घालतात, मिश्रणाच्या वजनाच्या ०.३ टक्क्यांच्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी वेगळी मार्गदर्शिकाच आहे. हा धागा बऱ्याचदा परदेशातून गोळ्यांच्या रूपात येतो. बगॅसचा धागा हे काम करू शकतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. वरच्या आपल्या किलोमीटरला दोन टन पुरे. दोन टन बगॅस गेलं म्हणून कुठल्या कारखान्याचा बॉयलर विझणार नाही, आणि त्यासाठी कोट्यवधींचा रासायनिक प्रकल्पही लागत नाही. वाळवणं, दळणं, चाळणं एवढंच.

दुसरी म्हणजे राख. बॉयलरमधून निघणारी बगॅसची राख कारखान्यांच्या मागे ढिगानं पडलेली असते. थोडी शेतकरी नेतात, थोडी वीटभट्टीला जाते, बाकीची उडते. ती सिलिकानं भरलेली. डांबरी मिश्रणात खडीच्या फटी बुजवायला जो बारीक भुगा लागतो त्यातला काही हिस्सा ती भरू शकते, फक्त तिच्यात न जळलेला कोळसा जास्त नको. आता राखेला सेंद्रिय म्हणावं का, असा आक्षेप कुणी घेईल. घ्यावा. पण टाकाऊ म्हणावं असं उसातून खरोखर काही उरत असेल, तर ती हीच.

आणि तिसऱ्या शक्यतेचा विचार करायचाच असेल तर रसायनशास्त्र जिल्ह्याला नवं नाही. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला करमशी जेठाभाई सोमय्यांनी उभारलेल्या साखर कारखान्याच्या जागी आज अल्कोहोलपासून रसायनं तयार होतात. बगॅसपासून इथेनॉल आणि उरलेल्या लिग्निनपासून बंधक, असा प्रकल्प उद्या कुणी काढला आणि डांबराच्या भावानं लिग्निन विकलं, तर बॉयलरवाल्याच्या प्रश्नालाही उत्तर मिळेल. डांबराचा टन बगॅसच्या टनापेक्षा कितीतरी महाग आहे. तोवर मात्र बांधकाम खात्याच्या दरसूचीत आयटम नाही म्हणजे कामच नाही. ठेकेदार स्वतःच्या जबाबदारीवर काही नवं घालणार नाही; दोषदायित्वाच्या काळात थर उखडला तर भरपाई त्याच्या अनामतीतून होणार असते.

टिकाऊपणाची गोष्ट निघाली की पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण दिल्यावाचून मराठी माणसाला राहवत नाही, मलाही नाही. १९७६ मध्ये मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीनं हॉटमिक्स पद्धतीनं तो केला, दहा वर्षांची हमी दिली, आणि रस्ता दहा नव्हे, कित्येक दशकं खड्ड्यांशिवाय राहिला. त्यात लिग्निन नव्हतं, प्लास्टिक नव्हतं, कसलाच चमत्कार नव्हता. होतं ते नेहमीचंच डांबर. मालाचं तापमान सांभाळलेलं, थर ठरल्या जाडीचे, पाण्याला वाट काढून दिलेली. हॉटमिक्सचा माल १४० अंशांच्या खाली गेला की पसरायचा नाही आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलर थांबलेला असला पाहिजे, हे नियम पुस्तकात आजही आहेत. डिसेंबरातल्या पहाटे ताडपत्री न टाकता तीस-चाळीस किलोमीटरवरून आलेला टिपर रस्त्यावर रिकामा होताना पाहिला की त्या मालाचं पुढे काय होणार ते ज्योतिष्याला विचारायची गरज राहत नाही. खोऱ्याला माल चिकटतो, गोळे होतात, रोलर वरून नुसता फिरतो. त्यात १५ टक्के लिग्निन असलं काय, नसलं काय.

म्हणून ४० टक्के मजबुतीच्या आकड्यानं मी फार हुरळत नाही. तो खोटा आहे असं नाही. पण मजबुती चाचणीतली असते आणि टिकाऊपणा गटारात ठरतो. नागपूर–मनसरचा तुकडा महामार्गावरचा, चांगल्या पायावरचा, निचरा असलेला आहे. तिथे तो टिकला तर त्यातून लिग्निनबद्दल कळेल. ऊसपट्ट्यातल्या रस्त्याबद्दल काही कळायचं तर प्रयोग ऊसपट्ट्यातच करावा लागेल.

आणि त्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. रस्त्याच्या कुठल्याही प्रयोगात सगळ्यांत अवघड काय, तर त्यावरून नेमकं किती ओझं गेलं ते कळणं. साखर कारखान्याच्या दारात वजनकाटा असतो. प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक ट्रक, अगदी बैलांची टायरगाडीसुद्धा आत जाताना भरलेली आणि बाहेर पडताना रिकामी तोलली जाते. पावती निघते, नोंद संगणकात राहते, कारण त्यावर शेतकऱ्याचं बिल ठरतं. म्हणजे कारखान्याच्या फाट्यापासून गव्हाणीपर्यंतच्या रस्त्यावर हंगामात किती टन, किती खेपांत, कोणत्या वाहनातून गेले, याचा हिशेब आयता मिळतो. असा रस्ता चार तुकड्यांत करावा. एक नेहमीच्या डांबराचा, एक बगॅसच्या धाग्याचा, एक लिग्निनचा. आणि चौथा पुन्हा नेहमीच्याच डांबराचा, पण दोन्ही बाजूंची गटारं मोकळी करून, शेताच्या वाटांखाली पाइप घालून. माल एकाच प्लांटचा, रोलर एकच, काम ऑक्टोबरात मोळी पडायच्या आधी. दोन हंगाम आणि दोन पावसाळे गेले की चारही तुकड्यांचे गाभे काढून तपासावेत.

माझी पैज चौथ्या तुकड्यावर आहे. पण गाभे काढल्याशिवाय ती जिंकल्याचं मी म्हणणार नाही, आणि गटारात मुरूम टाकणारा पहिला शेतकरी बहुतेक कारखान्याचा संचालकच निघेल.